डिस्कसच्या अंड्यांसाठी पाणी



डिस्कस मासा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. थापलेल्या भाकरीसारखा गोल, चपटा, निळ्या-तांबड्या रेघांचा आणि किमतीलाही चांगलाच तिखट. तो घरी आणला, वर्षभर नीट वाढवला, की पुढची इच्छा हमखास होते : याची पिल्लं आपल्याच टाकीत व्हावीत. मग कुणी तरी सांगतं, डिस्कसला आम्लधर्मी पाणी लागतं. आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, खाली आणणारी एक बाटली घरात येते. पैदाशीच्या कामात इतकी निरुपयोगी वस्तू दुसरी नसेल.

कारण सांगतो. या माशाचं शास्त्रीय वर्णन व्हिएन्नाच्या योहान याकोब हेकेल यांनी 1840 साली पहिल्यांदा केलं. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हेकेल डिस्कस ब्राझीलमधल्या रिओ नेग्रो नदीत मिळतो. ही ॲमेझॉनची मोठी उपनदी. तिच्या खोऱ्यातले खडक फार जुने, माती वालुकामय, चुना जवळजवळ नाहीच. कुजलेल्या पानांमुळे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, आणि त्याचा सामू बऱ्याचदा पाचच्याही खाली. म्हणजे त्या पाण्यात दोन गोष्टी एकत्र नांदतात. पाणी आम्ल आहे आणि त्यात क्षार नाहीत. आपण पहिलीच्या मागे लागतो. अंड्यांना खरी गरज दुसरीची असते.

आज दुकानात मिळणारे बहुतेक डिस्कस पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत वाढलेले आहेत. सात-साडेसात सामूच्या नळाच्या पाण्यात ते मजेत राहतात, रंग धरतात, जोडी जमवतात, अंडीही घालतात. अडतं ते तिथून पुढे. पाण्यात कॅल्शियम जास्त असलं की अंड्याचं कवच कठीण होतं आणि फलन नीट होत नाही. दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडतात, त्यांवर बुरशी येते आणि आपण नराला दोष देतो. कधी कधी तो नर नसतोच, हेही खरं! डिस्कसच्या दोन माद्या जोडी जमवून दोघीही अंडी घालतात. अंडी घालताना पोटाखालची नळी पाहावी. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार असते.

आता ती बाटली. जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. आम्ल टाकलं की सामू उतरतो, बायकार्बोनेट ते आम्ल पचवतं आणि सकाळपर्यंत सामू पुन्हा वर. आपण पुन्हा दोन थेंब टाकतो. या चढउतारात मासा काळा पडून कोपऱ्यात उभा राहतो. कॅल्शियम मात्र होतं तेवढंच राहतं.

तेव्हा क्षारच काढायला हवेत, आणि त्याला सोयीचा घरगुती उपाय म्हणजे आरओचं पाणी. पण निव्वळ आरओचं पाणी वापरू नका. त्यात सामू धरून ठेवणारं काहीच नसतं. टाकीतले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार करतात आणि अशा पाण्याचा सामू एका रात्रीत कोसळू शकतो. थोडं नळाचं पाणी मिसळा. आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे असतो तो, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घ्या आणि आकडा 60 ते 100च्या दरम्यान ठेवा. सोसायटीच्या गच्चीवर मिठाचं सॉफ्टनर यंत्र असेल, तर त्याच्या भरवशावर राहू नका. ते कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतं, एकूण क्षार जवळपास तेवढेच राहतात.

ज्यांच्याकडे धरणाचं पाणी येतं, त्यांचं काम बरंच सोपं. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचं पाणी मिळतं; ते मुळातच मऊ असतं. तिथे क्लोरीन तेवढा घालवायचा. बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्यात डिस्कसची अंडी फुटतील ही आशा सोडा.

बाकीची मांडणी साधी आहे. टाकीत वाळू नको, झाडं नकोत. एक स्पंज फिल्टर, 28 ते 30 अंश तापमान आणि अंडी घालायला उलटी ठेवलेली मातीची कुंडी. अंडी साधारण अडीच दिवसांत फुटतात. आणखी दोन-तीन दिवस पिल्लं कुंडीला चिकटून वळवळतात, मग पोहू लागतात. या मुक्कामाला पिल्लं आईबापांपासून वेगळी करू नका. डिस्कसची पिल्लं आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव खाऊन वाढतात. एक दमला की तो अंग झटकतो आणि सगळा घोळका दुसऱ्याच्या अंगावर जातो. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या संशोधकांनी ब्राझीलच्या शास्त्रज्ञांबरोबर या स्रावाचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध केला. अंडी घातल्यावर त्यातली प्रथिनं आणि रोगप्रतिकारक द्रव्यं वाढतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आईबाप पिल्लांना टाळू लागतात. सस्तन प्राणी पिल्लांचं दूध तोडतात, तसंच हे. तोवर आपण आर्टेमिया या बारीक जलचराची ताजी पिल्लं खायला देऊन त्यांना दुसऱ्या अन्नाची सवय लावायची.

आणि इथे पाण्याचा हिशेब उलटतो. वाढत्या पिल्लांना हाडांसाठी क्षार हवेत. पिल्लं खाऊ लागली की रोज थोडं थोडं पाणी बदलत नळाच्या पाण्यावर या. म्हणजे मऊ पाण्याची निकड अंडी घालण्याच्या आसपासच्या थोड्या दिवसांपुरती. त्यासाठी बारा महिने आरओ चालवण्यात अर्थ नाही.

शेवटी एक विनंती. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो. ते बादलीत धरा, फरशी पुसायला वापरा. टाकीतून काढलेलं पाणी झाडांना घाला. त्यातलं नायट्रेट त्यांना खतच आहे. आणि ज्यांच्या गावाला उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, त्यांनी मासे जरूर सांभाळावेत, पण जोडी लावायचं काम चांगला पाऊस झाल्यावरच हाती घ्यावं.