जुनी रायफल शेतराखणीला घ्यावी का?

भात पोटरीत आलं, की कोकणपट्टीतल्या वाड्यावाड्यांतून एकच तक्रार कानी येते. रात्री डुकरांचा कळप उतरला आणि चार गुंठे लोळवून गेला. नाचणी, सुरण, रताळी, केळी, काही राहत नाही. मग कुणीतरी सांगतं, अमक्या गावच्या खोतांच्या घरी जुनी विलायती रायफल आहे, कंपनीने ती बनवायची कधीच बंद केली, मुलगे मुंबईला असतात, स्वस्तात देतील. ‘साहेब, घेऊ का?’ असं विचारणारे बरेच भेटतात. त्यांच्यासाठी आजचं हे भाषण.

आधी रायफल आणि बंदूक यांतला फरक नीट समजून घेऊ. रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो आणि तिच्यातून एकच गोळी सुटते. बारा बोअरच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यात छऱ्यांचं काडतूस घालतात आणि छऱ्यांचा जोर थोड्या अंतरावर ओसरतो. रायफलीची गोळी मात्र चुकली तर मैलभर पलीकडेही माणसाचा जीव घेऊ शकते. आपल्याकडे शेताला लागून वाडी, वाडीला लागून पाणंद. पहाटे कोण पाण्याला निघालंय, कोण काजूच्या बागेत आहे, ते अंधारात दिसत नाही. अशा ठिकाणी रायफल हे शेतराखणीचं हत्यार नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायद्याचाही कल तसाच आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमात पीक संरक्षणासाठी मुळात ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला आहे. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. त्या कलमात रायफल बसत नाही. तिच्यासाठी वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं, आणि ‘डुकरं येतात’ एवढ्यावर ते भागेल याचा भरवसा धरू नये. त्यातून ती .303 मापाची निघाली तर विषयच संपला, कारण ते माप प्रतिबंधित आहे. आपल्याकडच्या सरकारी कारखान्यातली शिकारी रायफल .315 ची असते, ती त्यामुळेच.

बंद पडलेल्या मालाचं आणखी एक दुखणं आहे. इंजिन जुनं असलं तर लेथवाल्याकडून एखादा भाग करून घेता येतो. रायफलीचा बोल्ट किंवा पिन कुठल्याही लोहाराकडून करून घेणं कायद्यातही बसत नाही आणि जिवालाही परवडत नाही. खाजगी माणसांसाठी परदेशी हत्यारांची आयात 1980 च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे. त्यामुळे विलायती मापाची काडतुसं मिळणं दुर्मिळ, आणि मिळाली तर किंमत ऐकून घाम फुटतो. काडतुसाविना रायफल म्हणजे महागडी काठीच. तेव्हा रायफलीचा नाद सोडावा.

जुनी बारा बोअरची दुनळी असेल तर मात्र विचार करायला हरकत नाही. पण पैसे देण्याआधी ती परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याला दाखवावी. आपणही पाहावं. बंदूक मोडून, ती रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, नळीतून उजेडाकडे बघा. आतला भाग आरशासारखा दिसला पाहिजे. काळे खड्डे दिसले तर गंज आत उतरला आहे. गोल कड्यासारखी सावली दिसली तर नळी फुगलेली आहे, अशी बंदूक हातात धरू नये. मग बंदूक मिटवून दस्ता धरून हलवा. नळ्यांच्या सांध्यात खडखड लागली तर बिजागरी झिजली आहे. नळीवर बाहेरून साप वळवळल्यासारखी नक्षी असेल तर लोक भुलतात. ती नळी लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेली आणि काळ्या दारूच्या जमान्यातली असते. आजच्या काडतुसाचा दाब तिच्या बेताबाहेरचा आहे. ती भिंतीवर शोभेल, खांद्याला लावू नये.

नळीच्या बुडाशी चाचणीचे शिक्के असतात. अनेक इंग्रजी बंदुकांवर ‘नायट्रो प्रूफ’ असं कोरलेलं सापडतं, म्हणजे ती बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली आहे. तिथेच घराचं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेचं माप पाहा. जुन्या बंदुकांचं घर बहुधा अडीच इंची असतं, आणि आजची पुष्कळ काडतुसं पावणेतीन इंचांची. लांब काडतूस त्या घरात बसतं, पण उडताना त्याचं तोंड पुरतं उघडत नाही आणि दाब एकदम वाढतो. बसलं म्हणजे चाललं, असं समजू नये.

व्यवहाराबद्दल थोडं सांगतो. परवाना आधी, बंदूक नंतर. सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळचं पोलीस ठाणं यांना लेखी कळवून 45 दिवस जावे लागतात. मूळ मालक वारले असतील तर वारसांची कागदपत्रं आधी पाहा. ‘कागद मागाहून करू’ म्हणणाऱ्याला विसार सुद्धा देऊ नये. बिनपरवाना बंदूक सापडली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे. गाव अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीवाचून नवा परवाना मिळत नाही.

एवढं सगळं जमलं तरी डुक्कर मारायची मुभा मिळाली असं नाही, बरं का. बंदुकीचा परवाना वेगळा, जनावर मारण्याची परवानगी वेगळी. रानडुक्कर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहे. पिकाला धोका असला तरी वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारी मालमत्ता ठरतं. वाडीत वाटे घातले की गुन्हा झाला. गवा किंवा हत्ती आला तर बंदुकीचा विचारही करू नये. छऱ्यांनी तो मरत नाही, पिसाळतो.

आणखी एक अडचण आहे. निवडणुकीच्या काळात हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघू शकतो. विधानसभेचं मतदान 2019 मध्ये 21 ऑक्टोबरला आणि 2024 मध्ये 20 नोव्हेंबरला झालं. म्हणजे ऐन भाताच्या हंगामात, बंदुकीची गरज असते नेमकी तेव्हाच!

म्हणून माझा सल्ला असा, की बंदुकीला लागणाऱ्या पैशांत आधी कुंपणाचा हिशेब मांडून पाहावा. शेजारच्या चार-पाच खातेदारांनी मिळून सौरकुंपण केलं तर लांबी वाचते. अनुदानाची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि कृषी खात्याकडे करावी. घरच्या विजेची तार मात्र कुंपणाला कधीही जोडू नये, तिने माणसं मेली आहेत. नुकसान झालंच तर लगेच वन खात्याला कळवावं, आणि पंचनामा होईपर्यंत लोळलेलं भात कापू नये.