घराचा विमा आणि मागण्याचे भय
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, याबद्दल मी ऋणी आहे. विषय रूक्ष आहे. परंतु तो आपल्या डोक्यावरील छपराचा आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपल्या मराठवाड्यातील हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली. तेव्हापासून घराचा विमा ही केवळ श्रीमंतांची चैन आहे, असे मला वाटेनासे झाले. निवृत्तीनंतर येथे बिलोलीस मी तो उतरविला. पहिल्याच वर्षी वीज पडून छताचे नुकसान झाले. दावा केला, भरपाई मिळाली. पुढील पावसाळ्यात ओढ्याचे पाणी शिरून मागची भिंत खचली. तेव्हा एक स्नेही म्हणाले, "मास्तर, लागोपाठ दोनदा मागाल तर कंपनी तुमचा विमाच बंद करील." मी भ्यालो, गप्प बसलो आणि भिंत पदरमोड करून बांधली. दीड महिन्याने धीर करून अर्ज दिला, तेव्हा पाहणीस आलेल्या गृहस्थांना दाखविण्यास पडकी भिंतच उरली नव्हती. दावा नामंजूर झाला. दोष कंपनीचा नव्हे, माझ्या भीतीचा होता.

ही भीती कितपत खरी? मुदत चालू असता केवळ दावा केला म्हणून विमा रद्द होत नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या निर्देशांनुसार लबाडी सिद्ध झाली तरच कंपनीला तो रद्द करता येतो. 1 एप्रिल 2021 पासून सुरू झालेल्या 'भारत गृह रक्षा' विम्यात तर अंशतः नुकसानीची भरपाई दिल्यावर विम्याची रक्कम पुन्हा पूर्ववत होते. उरलेल्या मुदतीचा प्रमाणशीर हप्ता तेवढा द्यावा लागतो.

मुदत संपल्यावरचे नूतनीकरण हा मात्र नवा करार होय. मागील दावे पाहून हप्ता वाढू शकतो. पूर्वी दावा केला म्हणून आरोग्य विम्याचे नूतनीकरण नाकारता येत नाही. घराच्या विम्यात तशी खात्री धरून चालू नये. आपली जी मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, त्यांनी तर अधिकच जपावे. तेथे घराच्या दाव्यांची नोंद 7 वर्षांपर्यंत राहते, इतर कंपन्याही ती पाहतात, आणि वारंवार दावे करणाऱ्यास नूतनीकरण नाकारले जाऊ शकते.

तेव्हा विवेक असा करावा. जुन्या छताची गळती, भिंतीची ओल ही डागडुजी आपली आपणच करावी. कालमानाने होणारी झीज विम्यात बसतही नाही. परंतु आग, पूर, वीज, भूकंप यांनी घर खचले तर दुसऱ्यांदा असो वा तिसऱ्यांदा, त्याच दिवशी कंपनीस कळवावे, छायाचित्रे काढावीत आणि पाहणीपूर्वी पडझड हलवू नये. नव्या अर्जात मागील दावे विचारले असता लपवू नयेत. दाव्यापेक्षा तो लपविणे अधिक घातक ठरते. अन्याय झाला असे वाटल्यास कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही.

बंधुभगिनींनो, हप्ता भरून घेतलेला हक्क म्हणजे भिक्षा नव्हे. तो क्षुल्लक कारणासाठी खर्चू नये आणि संकटात मागण्यास लाजू नये. माझ्या चुकीतून एका जरी घराने बोध घेतला, तरी माझी भिंत वाया गेली नाही असे मी समजेन.