वाण आणि ठेव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंनी आज्ञा केली, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मला काय बोलता येणार?" त्या म्हणाल्या, "अमेरिकेला जाऊन आलात ना, तिकडचे काहीतरी सांगा." तिकडचे मोठे रस्ते आणि मोठी दुकाने यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. म्हणून मी तिकडच्या एका लहानशा खेळाविषयी बोलणार आहे. त्या खेळात माझ्या हातून एक चूक घडली. तीही सांगणार आहे, कारण चूक वगळून खेळ सांगितला तर भाषण गोड होईल, पण खरे होणार नाही.

या खेळाला 'जिओकॅशिंग' म्हणतात. लेकीने प्रथम हे नाव सांगितले तेव्हा कॅश म्हणजे रोकड, असे समजून मी पर्स घट्ट धरली होती! पण येथे कॅश म्हणजे लपवून ठेवलेला साठा. कोणीतरी एक डबा रानात, बागेत, पुलाखाली किंवा झाडाच्या ढोलीत लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संगणकावर सर्वांसाठी जाहीर करतो. इतरांनी हातातल्या यंत्राच्या किंवा फोनच्या साहाय्याने तो डबा शोधावयाचा, आतल्या वहीत नाव व तारीख लिहावयाची आणि डबा होता तसाच, होता तेथेच ठेवून यावयाचे.

खेळ फार जुना नाही. आकाशातील उपग्रहांवरून आपली जागा कळते, हे आता रिक्षावाल्यांनाही ठाऊक आहे. परंतु पूर्वी अमेरिकन सरकार सर्वसामान्यांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडे. मे २००० च्या प्रारंभी ती मिसळ बंद करण्यात आली. लगेच ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ऑरेगॉन राज्यात बीव्हरक्रीक वस्तीजवळच्या रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचा ठिकाणा जाहीर केला. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. बादलीत इतर वस्तूंबरोबर घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबाही होता. आज तेथे स्मृतिफलक आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे पोर्टलंडजवळ राहावयास गेले होते, तेव्हा जावईबापूंनी मला तो मुद्दाम दाखविला.

आता डब्यात काय असते ते ऐका. वही तर असतेच. शिवाय गोट्या, बिल्ले, लहान खेळणी, लाकडी चकत्या अशा किरकोळ वस्तू असतात. त्यांचा नियम सोपा आहे: एक घ्यावी, तर तितक्याच किंवा अधिक मोलाची एक ठेवावी. हे ऐकून मला परकेपणा वाटलाच नाही. शेजारणीची वाटी आपण रिकामी कधी परत करतो काय? चिमूटभर साखर तरी घालतोच. मात्र खाण्याचे पदार्थ डब्यात ठेवीत नाहीत. वासाने जनावरे येतात आणि डबा फोडतात. टोपणनाव लिहिलेली लाकडी चकती कोणी ठेवली असेल, तर ती खुशाल घरी न्यावी. ती आठवण म्हणूनच ठेवलेली असते. अशा वस्तूंना मी वाण म्हणते. हळदीकुंकवात लुटलेले वाण जिच्या हाती पडले, तिचे झाले.

परंतु त्याच डब्यात दुसऱ्या जातीची वस्तू असू शकते. ती दिसते वाणासारखी, पण असते ठेव. धातूची एक पट्टी किंवा सुंदर नक्षीचे नाणे असते आणि त्यावर एक क्रमांक कोरलेला असतो. पट्टीला 'ट्रॅव्हल बग' आणि नाण्याला 'जिओकॉइन' म्हणतात. दोन्ही २००१ पासून चालत आली आहेत. या वस्तूला मालक असतो. त्याने तिला प्रवासाला धाडलेले असते आणि पुष्कळदा कामही नेमून दिलेले असते: समुद्र पाहा, अमुक गावी पोहोच, असे. क्रमांक संगणकावर घातला की तिचे पान उघडते. ती कोठून निघाली, कोणाकोणाच्या हातून गेली, आज कोणाकडे आहे, हे सारे तेथे दिसते. तो घेवड्याचा डबादेखील पुढे सापडला आणि आता क्रमांक घेऊन मेळाव्यांतून मिरवतो. इतकेच काय, १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स यानावरही असा क्रमांक असलेला एक लहानसा तुकडा आहे!

त्या ऑगस्टमध्ये नातवाबरोबर मी एका बागेत गेले होते. तो दहा वर्षांचा. एका वठलेल्या झाडाच्या मुळाशी त्याला डबा सापडला आणि डब्यात एक नाणे. पितळी रंगाचे, एका बाजूला डोंगराचे चित्र. मी हातात घेतले आणि म्हटले, "अरे, किती सुरेख! घेऊ या का?" तो म्हणाला, "आजी, हे घ्यायचं नसतं, न्यायचं असतं."

त्याने क्रमांक टिपून घेतला. रात्री घरच्या खात्यावर नोंद केली, की नाणे आता आमच्याकडे आहे. झाडावर चढावयाचे म्हणून त्याने ते माझ्या पर्समध्ये ठेवावयास दिले होते. पुढच्या रविवारी दुसऱ्या डब्यात ठेवू, असे ठरले. रविवारी पाऊस आला, नंतर माझी बांधाबांध सुरू झाली, आणि नाणे पर्सच्या आतल्या कप्प्यात बसून पुण्याला आले.

येथपर्यंत विसरभोळेपणा म्हणता येईल. दसऱ्याच्या आवराआवरीत ते माझ्या हाती लागले, तेव्हा मात्र मी विसरले नव्हते. नातवाचे शब्द मला स्पष्ट आठवले. पण मनाने लगेच वकिली केली: एवढेसे नाणे, इतक्या लांब आले, आता कोण परत नेणार? शिवाय दिसते किती छान! आणि मी ते चांदीच्या रुपयांच्या डबीत टाकले. लक्ष्मीपूजनाला तबकात मांडले. पूजेचे छायाचित्र लेकीला पाठविले.

अर्ध्या तासात तिकडून फोन आला. नातू होता. दिवाळीच्या शुभेच्छा नाहीत, काही नाही. "आजी, ते नाणं तुझ्याकडे आहे?"

मी हो म्हटले. तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "मी कुठे कुठे शोधलं."

नंतर लेकीने सगळे सांगितले. पान आमचे नाव दाखवीत होते, म्हणून नाण्याच्या मालकाने दोनदा विचारणा केली होती: माझे नाणे खुशाल आहे ना? नातवाने घर पालथे घातले. निष्काळजी म्हणून आईची बोलणी खाल्ली. आणि शेवटी स्वतःच मालकाला पत्र लिहिले, की नाणे माझ्या हातून हरवले, क्षमा करा, माझ्या खाऊच्या पैशांतून भरून देतो. भगिनींनो, मी लक्ष्मीपुढे जे मांडले होते ते परक्याचे धन होते, आणि त्याचा आळ दहा वर्षांच्या मुलाने सोसला होता.

मग मी त्या नाण्याचे पान प्रथमच नीट वाचविले. मालक निवृत्त शिक्षक होते. आयुष्यभर डोंगर चढले. आता गुडघे साथ देत नाहीत. म्हणून त्यांनी नाण्याला सांगितले होते: माझ्याऐवजी तू डोंगर पाहा. गुडघ्यांची गोष्ट या सभागृहात कोणाला समजावून सांगावी लागेल, असे मला वाटत नाही!

मी लेकीकडून त्यांना पत्र लिहविले. मुलाचा काही दोष नाही, नाणे मी ठेवून घेतले, असे सरळ लिहा म्हटले. टपालाने परत पाठवू की पुढे धाडू, हेही विचारले. त्यांचे उत्तर दोन दिवसांत आले. रागाचा एक शब्द नव्हता. एवढेच विचारले होते: तुमच्या गावाजवळ डोंगर आहे काय?

मी नाण्याला घेऊन सिंहगडावर गेले. मीही गाडीनेच गेले, पण गड तर सुमारे १३०० मीटर उंच आहेच ना! तेथे त्याचे छायाचित्र काढले, क्रमांकावर बोट ठेवून. आपल्याकडे असे डबे अगदी विरळ आहेत. एखाद्यात ठेवले तर नाणे वर्षानुवर्षे पडून राहील, ही भीती होती. डिसेंबरात आपल्याच मंडळातील एका भगिनीची मुलगी शिक्षणासाठी जर्मनीला जाणार होती. तिकडे हा खेळ फार जोरात चालतो. मालकाच्या संमतीने नाणे तिच्या हाती दिले. तिने ते ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका टेकडीवरच्या डब्यात ठेवले आणि त्याच रात्री नोंद केली. तीन आठवड्यांनी कोणीतरी ते आल्प्सकडे नेले. या खेळात अंतर मोजतात ते डब्यापासून डब्यापर्यंत. त्यामुळे माझ्या कपाटातले दिवस त्या हिशेबात कोठेच दिसत नाहीत. ते माझ्याच हिशेबात राहिले आहेत.

आपली मुले-नातवंडे परदेशी असतात, आपणही जाता. असे नाणे हाती आले तर उपयोगी पडावेत म्हणून चार शिष्टाचार सांगते.

क्रमांक असलेली वस्तू अदलाबदलीची नव्हे. ती उचलताना बदल्यात काही ठेवावे लागत नाही; पण ती पुढे नेता येणार असेल तरच उचलावी. आधी तिचे काम वाचावे. समुद्राला निघालेल्या वस्तूला डोंगरात नेऊ नये.

नेता येणार नसेल तर नुसती पाहावी, क्रमांक टिपावा, 'पाहिली' अशी नोंद करावी आणि तेथेच ठेवावी. पाहिल्याचा आनंद काही कमी नसतो.

जवळ फार दिवस ठेवू नये. साधारण दोन आठवडे हा रिवाज आहे. उशीर होणार असेल तर मालकाने विचारण्याची वाट न पाहता आपणच कळवावे. पुढे ठेवताना डबा कोरडा व सुरक्षित आहे ना ते पाहावे आणि कोठे ठेवली याची नोंद त्याच दिवशी करावी. हातोहात दिली तरी चालते, फक्त घेणाऱ्याने आपल्या नावे नोंद करून घ्यावी.

आणि कोरलेला क्रमांक छायाचित्रात दाखवू नये. तो पाहून न भेटलेली माणसेही भेटल्याच्या खोट्या नोंदी करतात. जगाला दाखवावयाचा क्रमांक वेगळा असतो, तो पानावर असतोच.

मग कोणते नाणे ठेवून घ्यावे? आपण विकत घेतलेले, किंवा 'हे तुमच्यासाठी' म्हणून कोणी हातावर ठेवलेले. अशी नाणी जमविणारे हौशी लोक आहेत. ते स्वतःचा संग्रह घरीच ठेवतात आणि मेळाव्यात इतरांना क्रमांक टिपू देतात. यात काही गैर नाही. गैर एवढेच, की ठेवीला वाण समजणे.

भगिनींनो, हे नाण्यापुरते नाही. मंडळाच्या वाचनालयातील पुस्तक, मंडळाची मोठी परात, सतरंज्या, या साऱ्या क्रमांक घातलेल्या वस्तू आहेत. त्या नेण्यासाठी आहेत, घेण्यासाठी नाहीत. परातीला पान नाही, तिचा मालक पत्र लिहून खुशाली विचारीत नाही; म्हणून ती कोणाच्या तरी माळ्यावर सुखाने बसते. आणि शेवटी बोलणी खातात त्या बिचाऱ्या भांडारप्रमुख काकू.

मागच्या वेळी लेकीकडून निघताना नातू माझ्या बॅगेजवळ आला. म्हणाला, "आजी, पर्स बघू?" हसत म्हणाला. मी उघडून दाखविली. सगळे कप्पे दाखविले.