एका वेळी दोनच

जयेंद्रगंजातल्या मंडळींशी आज थोडं हक्कानं बोलायचंय. गणपतीची वर्गणी उरली, गल्लीसाठी काहीतरी करायचं ठरलं, की आपली सभा कशी होते ते तुम्ही जाणताच. ज्याचा आवाज मोठा, त्याचं काम आधी. फारच झालं तर हात वर करायचे, मोजायचे आणि घरी जायचं. मला हे हात मोजणंच खटकतं.

समजा, ३० जण आलेत. १२ म्हणाले, दिवे लावा. १० म्हणाले, नाली दुरुस्त करा. ८ जणांना वाचनालय हवंय. झालं, दिवे जिंकले! पण वाचनालयवाल्यांना विचारा की, दिवे की नाली? ते नाली म्हणाले, तर नालीकडे १८ आणि दिव्यांकडे १२च. आता नाली की वाचनालय? दिवेवालेही नालीकडे आले, तर २२ विरुद्ध ८. दोघांनाही हरवणारी नाली आपण हात मोजून बाद केली की हो! फ्रान्सच्या कोंदोर्सेनं हे १७८५ सालीच गणितानं मांडलं होतं.

मग निवडायचं कसं? चंदेरी साडी घ्यायला गेलेली जाणती बाई बघा. दुकानदार गादीवर ढीग टाकतो. ती ढिगाकडे बघतसुद्धा नाही. दोन पदर शेजारी धरते, काठ बघते, एक मागे सारते. गल्लीच्या कामात मात्र मागे सारलेली साडी घडी घालून ठेवू नका. उरलेल्या प्रत्येक साडीशेजारी ती एकदा धराच. तिथे नेसणारी एक असते, इथे नेसणारे ३०. नाहीतर कुठली जोडी आधी धरली, यावर निकाल फिरू शकतो.

पाच कामांच्या १० जोड्या होतात, सहांच्या १५. दहा कामांच्या ४५ होतील, तेव्हा यादी आधीच छाटा. फळ्यावर चौकट आखा, कामं आडवी लिहा, तीच उभी लिहा, आणि प्रत्येक घरात त्या जोडीत जिंकलेलं काम लिहा. ज्याचं नाव जास्त घरांत, ते पहिलं. लोकसहभागानं गावाची पाहणी करणारे कार्यकर्ते खेड्यांत मातीवर रेघा ओढून हेच करतात. लिहिता न येणारी आजीही खडा ठेवून मत देते. शिवाय ‘दिव्यांपेक्षा नाली का?’ असं विचारलं, की पावसाळ्यात पाणी कुणाच्या उंबऱ्यातून आत येतं तेही कळतं.

पुन्हा सांगते, एका वेळी दोनच, पण प्रत्येक जोडी. ‘ही तर उघडच आहे’ म्हणून एकही गाळायची नाही.

कधी दिवे नालीला हरवतात, नाली वाचनालयाला आणि वाचनालय दिव्यांना. हे चक्रही कोंदोर्सेला दिसलं होतं. तेव्हा लगेच चिठ्ठ्या टाकू नका. सगळ्यात थोड्या मतांच्या फरकानं सुटलेली जोडी पुन्हा चर्चेला घ्या. येत्या सभेला सगळ्या जोड्या आधीच कागदावर उतरवून न्या.