फुग्यामागे धावणारी माणसं

कारध्याच्या पुलावर पहाटे उभं राहिलं, की वैनगंगेवरचं धुकं कुठे सरकतंय ते दिसतं. गरम हवेच्या फुग्यांच्या महोत्सवात स्वयंसेवकाचा दिवस असाच सुरू होतो, वारा बघत. तमिळनाडूत पोल्लाचीला २०१५ पासून पोंगलच्या सुमारास असा महोत्सव भरत आलाय.

फुगा अंथरायचा, पंख्याने थंड हवा भरायची, दोघांनी त्याचं तोंड उघडं धरायचं, एकाने शेंड्याचा दोर ताणायचा. मग बर्नर पेटतो, आतली हवा तापून हलकी होते. दोर मात्र हाताला गुंडाळायचा नाही. पाय उचलले जाण्याआधी सोडून द्यायचा. इथे हौस जिवावर बेतते.

खरी दगदग पुढेच. फुग्याला सुकाणू नसतं, म्हणून गाडी घेऊन मागे धावायचं. २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया अशाच फुग्यातून मुंबईहून उडाले, सुमारे २१ किलोमीटर उंचीचा जागतिक विक्रम केला आणि उतरले कुठे? नाशिक जिल्ह्यात, सिन्नरजवळ!

उतरल्यावर शेतमालकाला विचारायचं, पिकाचं नुकसान टाळायचं. आणि दवाने भिजलेलं ते अवाढव्य कापड वाळवूनच पिशवीत कोंबायचं, नाहीतर बुरशी धरते.