मढ्याचा ठेका कुणाला?
(शाखेच्या अभ्यासवर्गात झालेलं भाषण)



तुम्हाला वाटलं असेल, गोदीतला कवी आलाय, चार कविता म्हणील, टाळ्या घेईल आणि जाईल. आज कविता नाही. आज मयतावर बोलायचंय. घरातलं माणूस गेलं की त्याला कुणाच्या हाती द्यायचं, ह्यावर. तोंडं वाकडी करू नका. मरणाचं बोलणं अभद्र, असं आपल्याला भटानं शिकवलं आणि स्वतःचं पोट त्याच अभद्रावर भरलं. आपण बोलत नाही म्हणून दुसरा बोलतो. तोच भाव ठरवतो.

गावगाड्यात आपलं आणि मढ्याचं नातं जुनं. मयताची खबर गावोगाव पोचवायची आपल्या बापजाद्यांनी. सरणाची लाकडं वाहायची त्यांनीच. मोबदला काय, तर मढ्यावरचं कापड. मनूनं तर प्रेतालासुद्धा जात चिकटवली. त्याच्या पाचव्या अध्यायात गावाचे दरवाजे वाटून दिलेत : शूद्राचं प्रेत दक्षिणेच्या दारानं काढा, बाकीच्या तिघांना बाकीची तीन दारं. दहाव्या अध्यायात चांडाळानं मेलेल्याचे कपडे घालावेत आणि बेवारस प्रेतं वाहावीत, असा हुकूम. 25 डिसेंबर 1927 ला महाडात ते पुस्तक बाबासाहेबांच्या सत्याग्रहात जाळलं गेलं. 1958 च्या कायद्यानं महारवतन गेलं. पण दरवाजे गेले का?

ऑगस्ट 2019. तामिळनाडू, वाणियंबाडीजवळचं एक गाव. स्मशानाकडे जाणारी वाट सवर्णांच्या शेतातून. वाट मिळाली नाही. दलितांनी आपलं मयत पुलावरून दोरानं बांधून खाली सोडलं आणि मग नेलं. लांबचं म्हणून हळहळू नका. आपल्या महाराष्ट्रात कितीतरी गावांत मराठ्यांचं स्मशान वेगळं, बौद्धांचं वेगळं, मातंगांचं आणखी वेगळं. एकावर पत्र्याची शेड, दुसरं ओढ्याकाठी उघडं. पावसाळ्यात तिथं सरण पेटवून बघा, म्हंजे मनू कळेल.

शहरात दक्षिण दरवाजा दिसत नाही. शहरात दलाल दिसतो.

आमच्या टोळीतला एक म्हातारा गडी एका मोठ्या दवाखान्यात गेला. पोराला डॉक्टरनं सांगायच्या आधी फाटकावरच्या माणसाला कळलं होतं. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाइल. म्हणाला, “तुम्ही रडा, बाकी सगळं आमच्यावर सोडा.” पहिला प्रश्न वयाचा नाही, आजाराचा नाही. आडनाव काय? आडनाव ऐकल्यावर म्हणाला, तुमच्यात भटजी लागत नाही, मग स्वस्तात करू. आणि शेवटी चिठोऱ्यावर आकडा आला साडेअकरा हजार. त्यात तूप, गोवऱ्या, मडकं, विधीचं सामान. जे कुणी मागितलं नव्हतं, वापरलं नव्हतं. लाकडाचेही पैसे लावले. लाकूड पालिकेचं, फुकटचं. पोरानं दिले. त्या घडीला घासाघीस कोण करतो? दलालाचा सगळा धंदा त्या घडीवर उभा आहे.

म्हणून सांगतो, निवड त्या घडीला करायची नसते. आधी करायची असते. भरवशाचा माणूस कसा ओळखायचा, ते सरळ सांगतो.

जो दर लिहून देतो तो भरवशाचा. गाडीचं किती, बर्फाच्या पेटीचं किती, सामानाचं किती, माणसांचं किती, वेगवेगळं. “पॅकेज” म्हणणाऱ्याला विचारा, आत काय काय आहे, आणि नको ते काढलं तर किती कमी होतील. पावती देत नाही तो चोर. मग तो जातीतला असो, नात्यातला असो, वॉर्डातल्या पुढाऱ्याचा मेव्हणा असो.

दुसरं, पालिकेचं काय आणि त्याचं काय, हे जो खरं सांगतो तो भरवशाचा. मुंबईत पालिकेच्या स्मशानात एका मयताला साधारण 300 किलो लाकूड पालिकेच्या खर्चानं द्यायची पद्धत आहे. काही ठिकाणी आता लाकडाऐवजी शेतकचऱ्याच्या दाबलेल्या कांड्या आल्यात. 300 किलो म्हंजे पन्नासच्या सहा गोणी. पाठीवर वाहणाऱ्याला वजन सांगावं लागत नाही. लाकूड ओलं आहे का, कमी आहे का, नजरेनं कळतं. “अजून लागेल, वरचे पैसे द्या” असं कुणी म्हणालं की आधी स्मशानाच्या कचेरीतली दराची पाटी वाचा, कारकुनाला विचारा. बऱ्याच ठिकाणी विजेची नाहीतर गॅसची भट्टी आहे. तासा-दोन तासात काम होतं, झाड वाचतं. भट्टीत आत्म्याला वाट मिळत नाही म्हणणाऱ्याला सांगा, आम्ही आत्मा मानत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा. छातीत पेसमेकर बसवलेला असला तर आधी डॉक्टरकडून काढून घ्या. आगीत त्याची बॅटरी फुटते, आणि समोर उभा असतो तो भट्टीवरचा कामगार.

तिसरं, जो आपल्या माणसाला आपल्या रीतीनं जाऊ देतो तो भरवशाचा. 1956 ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध नाही, पिंडदान नाही, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म नाही. मग मडकं कशाला? कावळ्याची वाट कशाला? पांढरं कापड, फुलं, मेणबत्ती, त्रिशरण पंचशील. बौद्धाचार्य आला तर बरं, नाही आला तर घरातली शिकलेली पोरगी म्हणील. आणि बायांनी खांदा द्यायचा नाही हा कुठला धम्म? आईला नऊ महिने वाहता येतं, तिला चार पावलं लेकीनं वाहिली तर काय बुडतं?

आता कागद. रडून झालं की नाही, कागद थांबत नाही. माणूस घरी गेला तर शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरनं बघितलं त्यानं मरणाच्या कारणाचा दाखला द्यायचा, आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. हे 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात लिहिलंय. घरच्या मरणाला नमुना 4अ, दवाखान्यातल्याला नमुना 4. कोऱ्या दाखल्यावर सही विकणारा डॉक्टर दलाल आणून देतो, त्याच्या नादी लागू नका. नोंद 21 दिवसांच्या आत. पुढं गेली की दंड, आणि वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा हुकूम. स्मशानात कारकून लिहितो ते नाव वाका आणि वाचा. एक वेलांटी चुकली तर विधवेचा फंड, ग्रॅच्युइटी, खोलीचं नाव, सगळं अडकतं. आपल्या लोकांची नावं शाळेत एक, रेशनवर दुसरं, आधारवर तिसरं. ती चूक सरणावर जळत नाही, मागं राहते.

दवाखान्याचं बिल थकलं म्हणून मयत अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत ते साफ आहे. आणि 1995 च्या परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की माणसाच्या प्रतिष्ठेचा हक्क मेल्यावर प्रेतालाही असतो. हे दोन मुद्दे पाठ करा. बिलाच्या खिडकीवर मोठ्यानं म्हणा.

कामावर माणूस गेला तर सगळ्यात जास्त सावध. झेल्याखाली सापडला, गटारात गुदमरला, पराती कोसळली. मुकादम खिशातून पाच-दहा हजार काढतो, गाडी आणतो, म्हणतो लवकर उरकून घ्या. एवढी माया कशाला? पोलिसांचा पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम झालं नाही तर नुकसानभरपाईचा पुरावा सरणावर जातो म्हणून. अंत्यविधीसाठी फुकट गाडी देणारा मालक हा सगळ्यात महाग ठेकेदार. आणि गेलेल्याची नोंद राज्य कामगार विम्यात असली तर अंत्यविधीच्या खर्चासाठी 15,000 रुपयांपर्यंत मिळतात. 2019 च्या आधी ते 10,000 होते. मागायला कुणी जात नाही.

अजून एक माणूस आहे, त्याचा हिशोब कुणी करत नाही. सरण रचणारा, भट्टीची राख ओढणारा. अण्णाभाऊंच्या ‘स्मशानातील सोनं’ मधला भीमा आठवा. खाण बंद पडली, काम गेलं, म्हणून तो राखेत सोनं शोधायला लागला. त्याला चोर म्हणणारे खाण बंद करणाऱ्याला काय म्हणतात? स्मशानात हात पुढं करणाऱ्या कामगाराला आपण शिव्या देतो. आधी विचारा, त्याला पगार किती, कायम आहे की ठेक्यावर, हातमोजे कुणी दिलेत. 2020-21 च्या साथीत सख्खी पोरं लांब उभी राहिली, तेव्हा प्रेतं ह्याच हातांनी उचलली. ते हात बहुतेक आपलेच. त्याला राजीखुशीनं द्या, पण पगार पालिकेनं द्यावा यासाठी त्याच्यासोबत मोर्चालाही चला.

मग ठेका कुणाला? मी म्हणतो, कुणालाच नको. जुन्या चाळींत मयताची वर्गणी होती. प्रत्येक घर थोडं थोडं द्यायचं, तिरडी चार पोरं बांधायची. ते पुन्हा उभं करा. प्रत्येक विहारात एक वही. त्यात जवळच्या स्मशानाचे दर, खरा दर घेणाऱ्या दोन गाडीवाल्यांचे नंबर, रात्री येणारा डॉक्टर, अर्ज भरणारी एक मुलगी, वकील एक. दलाल फाटकावर उभा राहतो ना? तिथं आपलं एक पोरगं उभं करा. आणि त्यानं आडनाव विचारायचं नाही. मातंगाचं मयत, मुसलमान शेजाऱ्याचा जनाजा, फुटपाथवरचा बेवारस, सगळ्यांसाठी खांदा. मनूनं बेवारस प्रेत आपल्यावर शिक्षा म्हणून टाकलं होतं. आपण ते माणूस म्हणून उचलायचं, आणि खर्च सरकारकडून वसूल करायचा.

7 डिसेंबर 1956 ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेपुढं लाखो माणसं उभी होती. त्यांना कुणी पॅकेज दिलं नव्हतं. शोक हा आपल्या लोकांचा जुना संघटक आहे. त्याला बाजारात बसवू नका.

वही आजच घाला. पहिलं पान मी लिहितो.

जय भीम.