पंचविसाव्या द्वाराची परवानगी



‘पोर्ट’ या शब्दापाशीच अनुवादक प्रथम अडतो. ‘बंदर’ म्हणावे, तर या पहाडगंजात श्रोते माकडाच्या शोधात गच्चीकडे पाहू लागतील! म्हणून मी ‘द्वार’ म्हणतो. संगणकाच्या द्वारांना क्रमांक असतात. टपाल स्वीकारण्याचे द्वार 25 वे. जॉन पोस्टेल यांनी 1982 साली टपालाच्या देवघेवीचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांतही हाच क्रमांक आहे.

एखादी संस्था स्वतःचा मेल सर्व्हर उभारू लागते, तेव्हा पुष्कळदा याच द्वारावर ‘परमिशन डिनाइड’ असा नकार मिळतो. त्याचे कारण जुने आहे. बर्कलेच्या युनिक्समध्ये 1024 च्या खालची द्वारे उघडण्याचा अधिकार फक्त ‘रूट’ या सर्वाधिकाऱ्याला दिलेला होता. एकच यंत्र अनेकजण वापरीत. त्यांपैकी कोणीही उठून यंत्राच्या नावे टपाल घेऊ लागू नये, हा त्यामागील हेतू.

यावर सारा सर्व्हरच रूटच्या अधिकाराने चालविणे हा सोपा, पण माझ्या मते घातक उपाय होय. नोव्हेंबर 1988 मधील मॉरिस वर्म ज्या वाटांनी यंत्रांत शिरला, त्यांपैकी एक ‘सेंडमेल’ या टपाल-प्रणालीतील, चाचणीसाठी ठेवलेली सोय होती. टपाल घेणारा अनोळखी माणसांशीच बोलत असतो. तो फसला, तर त्याच्या हाती जेवढा अधिकार, तेवढाच परक्याच्या हाती जातो.

वित्से वेनेमा यांच्या ‘पोस्टफिक्स’मध्ये (1998) मुख्य प्रक्रिया रूट म्हणून द्वार उघडते, बाहेरच्यांशी बोलणाऱ्या प्रक्रिया मात्र सामान्य अधिकारावर चालतात. लिनक्समध्ये याहून नेमकी सोय आहे: ‘कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस’ हा, केवळ खालची द्वारे उघडू देणारा, एकच अधिकार त्या प्रोग्रामच्या फाइलला देता येतो. नवी आवृत्ती बसविली की फाइल बदलते आणि तो अधिकार पुन्हा द्यावा लागतो. काल चालणारा सर्व्हर आज का अडला, याचे उत्तर कित्येकदा एवढेच असते.

‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ हा नकार मात्र निराळा. तेथे अधिकाराचा प्रश्नच नसतो. आधीच बसविलेला दुसरा टपाल-प्रोग्राम द्वार अडवून बसलेला असतो. तो शोधून थांबवावा.

आणि द्वार उघडले, तरी पत्रे बाहेर जात नसतील, तर सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे चौकशी करावी. नको असलेल्या टपालाला आळा घालण्यासाठी अनेक कंपन्या 25 व्या द्वाराकडे जाणारी वाट आपल्याच जाळ्यात बंद ठेवतात. तेथे आपल्या यंत्रावरचा रूटही काही करू शकत नाही.